पाचपैकी पाच, पण मुंग्यांना घाई का होती?

माझ्या तिसरीच्या वर्गात वाचनाचं सॉफ्टवेअर वापरायला लागून चार महिने झाले. आठवड्यातून तीन दिवस, वीस-वीस मिनिटं. मूल उतारा वाचतं, अडलेल्या शब्दावर बोट ठेवलं की उच्चार ऐकू येतो, शेवटी पाच बहुपर्यायी प्रश्न.

अडखळत वाचणाऱ्यांना याचा फार उपयोग झाला. एक मुलगा मोठ्याने वाचायची पाळी आली की मान खाली घालायचा. हेडफोन लावून तो एकच उतारा चार-चार वेळा वाचू लागला. ऐकणारं कोणी नसल्यामुळे त्याची भीती गेली. आता अक्षरं जुळवण्यातच त्याचा जीव जात नाही, अर्थाकडे बघायला उसंत मिळते. एवढ्यासाठीसुद्धा मी हे सॉफ्टवेअर सोडणार नाही.

माझी तक्रार आहे ती प्रश्नांबद्दल. उतारा समोर असतानाच प्रश्न येतो : ‘मुंग्यांनी दाणे कुठे नेले?’ माझ्या एका विद्यार्थिनीने उताऱ्यात ‘दाणे’ हा शब्द शोधला, शेजारचा शब्द पाहिला, पर्याय निवडला. पाचपैकी पाच. मी जवळ बसून विचारलं, ‘मुंग्यांना एवढी घाई का होती गं?’ ती गप्प. पहिल्याच ओळीत ढग दाटून आले होते, पण ती ओळ तिने वाचलीच नव्हती.

गॉफ आणि टनमर या वाचनाच्या अभ्यासकांनी १९८६ मध्ये मांडलं होतं की आकलन म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. गुणाकार आहे, म्हणजे एक बाजू शून्य तर उत्तर शून्य. सॉफ्टवेअर पहिली बाजू छान सांभाळतं. दुसरीसाठी अजून तरी समोर बोलणारं माणूस लागतं.

पातळी ठरवण्याची पद्धतही मला पटली नाही. शब्द आणि वाक्यं किती लांब, यावरून उतारा सोपा की अवघड ते ठरतं. बेडकाच्या वाढीचा उतारा वरच्या पातळीवर कुलूपबंद होता. तळाच्या पातळीवरच्या एका मुलाने घरी भांड्यात बेडकाची पिल्लं वाढवलेली, म्हणून मी त्याच्यासाठी तो उघडून दिला. त्याने तो वाचला आणि शेपूट कशी नाहीशी होते ते सगळ्यांना समजावलं. रेक्ट आणि लेस्ली या संशोधकांनी १९८८ मध्ये बेसबॉलच्या उताऱ्यावर हेच दाखवलं होतं : वाचनात कच्ची, पण खेळ माहीत असलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांच्या पुढे गेली.

सॉफ्टवेअर शिक्षकांना जो तक्ता दाखवतं, त्यातला वेळेचा रकाना मात्र जरूर बघा, मी आधी गुणांकडेच बघायचे. दोनशे शब्दांचा उतारा वीस सेकंदांत संपला असेल तर तो वाचलेला नाही, गुण कितीही असोत.

आता शेवटच्या प्रश्नाआधी टॅब पालथे ठेवायचे आणि जोडीदाराला गोष्ट सांगायची, असा आमचा नियम आहे. पहिले दोन आठवडे गोंधळ झाला. नंतर मुंग्यांवाली मुलगी आपणहून विचारायला लागली, ‘बाई, सांगायच्या आधी एकदा परत वाचू?’

पुढच्या सत्रासाठीही हेच सॉफ्टवेअर घ्या असं मी शाळेला लिहून दिलं आहे. सोबत दोन मागण्या कळवल्या आहेत : निदान एका प्रश्नाला उतारा झाकला जावा, आणि पातळीचं कुलूप शिक्षकाला सगळ्या वर्गासाठी एकदम काढता यावं.