टिरो देवनागरी मराठी : संगीताच्या अंकात वापरून पाहिलेला फाँट

सांगली-मिरजेतल्या आम्ही काही श्रोत्यांनी संगीतविषयक षण्मासिक काढायचे ठरवले आणि संगणक थोडाफार येतो एवढ्याच भांडवलावर मांडणीचे काम माझ्या गळ्यात पडले. आकार क्राउन चतुर्थांश, म्हणजे ७.५ × १० इंच. पाने ६४, म्हणजे प्रत्येकी १६ पानांचे चार फर्मे. आतला कागद ७० जीएसएम वजनाचा मॅपलिथो, म्हणजे चकाकी नसलेला छपाईचा साधा कागद, आणि मुखपृष्ठ सोडून सगळी छपाई एकरंगी. मजकुरासाठी फाँट निवडताना संकेतस्थळांवरचे चकचकीत नमुने पाहण्याऐवजी मी एकच पान पाच फाँटांत लावून त्याच कागदावर छापून घेतले. त्या पानावर लेखातला एक परिच्छेद, एक बंदीश, कार्यक्रमांचे एक कोष्टक आणि एका छायाचित्राखालची ओळ असा सगळा संसार होता. त्या पानावर टिरो देवनागरी मराठी हा फाँट मजकुरासाठी इतरांपेक्षा सरस ठरला. तो कुठे कमी पडतो हेही तिथेच दिसले.

हा फाँट मूळचा एका मोठ्या ग्रंथमालेच्या गरजेतून आलेला आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने मूर्ती क्लासिकल लायब्ररी ऑफ इंडियासाठी टिरो टाइपवर्क्सकडून भारतीय लिप्यांचे फाँट घडवून घेतले आणि पुढे ते गूगल फाँट्सवर सर्वांसाठी विनामूल्य खुले झाले. परवाना खुला असल्यामुळे छापील नियतकालिकात वापरण्यासाठी एक रुपयाही मोजावा लागत नाही, ही वर्गणीवर चालणाऱ्या अंकासाठी लहान गोष्ट नव्हे. देवनागरीत त्याची हिंदी, संस्कृत आणि मराठी अशी तीन वेगळी रूपे आहेत. मराठी रूपाचे महत्त्व ल आणि श या दोन अक्षरांत आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला प्रमाणित केली, तरी बाजारात मिळणाऱ्या अनेक फाँटांत ही दोन अक्षरे हिंदी वळणानेच येतात. संगीताच्या मजकुरात लय, ताल, आलाप, विलंबित, ख्याल आणि श्रुती, शुद्ध, शैली हे शब्द पानोपानी येतात, त्यामुळे चुकीचे वळण एकदा खटकले की ते पुढच्या प्रत्येक ओळीत खटकत राहते. आमच्या ज्येष्ठ वाचकांपैकी एका निवृत्त शिक्षिकेने नमुन्याची पाच पाने पाहून, कोणत्या फाँटचे नाव काय हे ठाऊक नसताना, ‘हे आपले वाटते’ म्हणून नेमके टिरोचे पान बाजूला काढले.

कागदावर हा फाँट शांत दिसतो. जाड आणि बारीक रेघांतला फरक आहे, पण तो इतका टोकाचा नाही की मॅपलिथोवर शाई थोडी पसरली तर बारीक रेघ नाहीशी व्हावी. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या जावजी दादाजींनी घडवलेल्या खिळ्यांत (धातूच्या टाइपांत) छापलेल्या जुन्या पोथ्या ज्यांनी हाताळल्या आहेत त्यांना हे वळण ओळखीचे वाटेल. अक्षर १२ पॉइंट आणि ओळींतील अंतर १८ पॉइंट ठेवल्यावर वरचे रफार-वेलांट्या आणि खालचे उकार-ऋकार एकमेकांना भिडले नाहीत. खर्च वाचवण्यासाठी हे अंतर १५ पर्यंत आणून पाहिले होते. चार पाने वाचली असती, पण मजकूर कोंदट झाला.

दुसरी कसोटी ऱ्यची. गाणाऱ्यांची, ऐकणाऱ्या, वाजवणाऱ्याने, साताऱ्याहून हे शब्द संगीताच्या अंकात टाळताच येत नाहीत, आणि त्याच परिच्छेदात सौंदर्य, आचार्य, कार्यक्रम हे रफाराचे शब्दही बसलेले असतात. टिरोत ही दोन्ही रूपे स्वच्छ आणि वेगळी उमटतात. अडचण आली ती लेखकांच्या टंकनाची : कोणी ऱ घेऊन पुढे य जोडला होता, कोणी साध्या र नंतर अदृश्य जोडचिन्ह वापरले होते, आणि दोन लेख तर जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधून रूपांतरित होऊन आले होते, त्यामुळे त्यांत गाणाऱ्यांचे ‘गाणार्यांचे’ झाले होते. हा दोष फाँटचा नाही, पण अंक लावणाऱ्याने मजकूर ओतण्यापूर्वी सगळे ऱ्य एकाच पद्धतीचे करून घ्यावेत, नाहीतर नंतर शोधाची आज्ञा देऊनही अर्धे शब्द सापडत नाहीत. मांडणीसाठी इनडिझाइन हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यातला वर्ल्ड-रेडी कंपोझर, म्हणजे भारतीय लिप्यांची अक्षरे नीट जुळवणारी सोय, चालू आहे याचीही खात्री करून घ्यावी, कारण तो बंद असला की जोडाक्षरे सुटी पडतात आणि पहिला संशय विनाकारण फाँटवर जातो.

आता त्रुटी. या फाँटला ठळक रूप नाही. साधे आणि तिरपे अशी दोनच रूपे मिळतात. ग्रंथाला ते पुरत असेल, पण नियतकालिकाला मथळे, उपमथळे, चौकटी आणि मुलाखतीतले प्रश्न असतात. मी उपमथळ्यांसाठी केवळ आकार वाढवला होता. ज्या छापखान्यात पाने गेली तिथल्या ऑपरेटरने ते ‘फिके दिसतात’ म्हणून आपल्या मनाने अक्षरांना बाहेरून काळी कड देऊन जाड केले. प्रूफ आले तेव्हा ध, भ, थ आणि क्ष यांची पोकळी बुजलेली होती आणि ‘ध्रुपद’ या शब्दाचे पहिले अक्षर शाईच्या डागासारखे दिसत होते. बारा पाने पुन्हा काढावी लागली आणि तो खर्च आम्हीच सोसला. त्यानंतर उपमथळे, कोष्टके आणि छायाचित्रांखालच्या ओळी मी ‘एक टाइप’ या संस्थेच्या मुक्ता या फाँटमध्ये लावल्या. तोही विनामूल्य आहे आणि त्याला सात वजने (जाडीच्या पायऱ्या) आहेत. टिरोच्या वळणदार अक्षराशेजारी मुक्ताची सरळसोट रेघ बरी दिसते.

खरी परीक्षा बंदिशींच्या पानांवर झाली. गायक आणि संगीतशिक्षक विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे आणि मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेले, त्यामुळे स्वरलेखन पलुस्कर पद्धतीचेच असावे असा आमच्यातल्या एकाचा आग्रह होता. पण आलेल्या सर्व बंदिशी विष्णु नारायण भातखंडे यांच्या पद्धतीत लिहिलेल्या असल्यामुळे तो विषय मिटला. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र (खालच्या) सप्तकासाठी अक्षराखाली बिंदू आणि तार (वरच्या) सप्तकासाठी अक्षरावर बिंदू येतो. वैदिक स्वरांकनात अक्षराखालची आडवी आणि वरची उभी रेघ असतेच, तेव्हा तीच चिन्हे कोमल-तीव्रासाठी वापरता येतात. बिंदूंसाठी मात्र अनुस्वार आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) यांच्यावर भागवावे लागते, आणि तिथे गोंधळ सुरू होतो. तार षड्जाचा ‘सां’ ठीक दिसतो. तार ऋषभ, म्हणजे ‘रें’, लिहायला गेले की अक्षरावरच्या मात्रेमुळे बिंदू उजवीकडे सरकतो आणि वाचणाऱ्याला तो सानुनासिक उच्चार वाटतो. भीमपलास रागाचा आरोह तर मंद्र सप्तकातल्या कोमल निषादापासूनच सुरू होतो, म्हणजे पहिल्याच अक्षराखाली रेघ आणि बिंदू दोन्ही हवेत. ती दोन्ही एकाच उंचीवर येऊन एकमेकांत मिसळली आणि छापल्यावर कोमल निषाद मंद्रातला की मध्य सप्तकातला हे कळेना.

हे काम साहित्याच्या मजकुरासाठी घडवलेल्या फाँटकडून करून घेण्याचा हट्ट मी सोडला. बंदिशींसाठी आयआयटी मुंबईचा शोभिका हा फाँट घेतला. तो संस्कृतसाठी तयार केलेला असल्यामुळे वैदिक चिन्हांची सोय त्यात आहे आणि त्याला ठळक रूपही आहे. बिंदू मात्र अक्षराला न जोडता कोष्टकाच्या वेगळ्या ओळींत, वरचे वर आणि खालचे खाली, स्वतंत्रपणे बसवले. त्रितालाच्या १६ मात्रांना (ठोक्यांना) पानाच्या रुंदीत प्रत्येकी साधारण ९ मिलिमीटर मिळतात. त्यात सम, टाळी आणि खाली या तालातल्या जागांची ×, २, ०, ३ ही चिन्हे तळाला, एका मात्रेत दोन स्वर आले की त्यांच्याखाली हाताने काढलेला अर्धचंद्र, आणि त्याखाली बंदिशीचे शब्द. एका बंदिशीला एक संध्याकाळ गेली. मिरजेत १८०५ साली तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरून भगवद्गीता छापली गेली होती. त्या कारागिराने एका पानाला किती दिवस घातले असतील, हा विचार त्या संध्याकाळी वारंवार आला.

स्तंभांच्या बाबतीतही एक माघार घ्यावी लागली. मासिक म्हणजे दोन स्तंभ असे मनात पक्के होते, पण ‘गायनशैलीविषयीच्या’ किंवा ‘तंतुवाद्यनिर्मात्यांकडून’ यांसारखे शब्द ७० मिलिमीटरच्या स्तंभात दोन्ही कडा समान ठेवून बसवले की ओळीत दात पडल्यासारख्या फटी राहतात, आणि मराठीत शब्द तोडून पुढच्या ओळीवर नेण्याची वाचकांना सवय नाही. लेख एका रुंद स्तंभात ठेवून बाहेरचा समास मोठा केला. त्या समासात छायाचित्रांच्या ओळी आणि तारखा गेल्या : गायक अब्दुल करीम खाँसाहेबांवरच्या लेखाशेजारी १८७२ ते १९३७, मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांवरच्या लेखाशेजारी भौगोलिक मानांकनाचे २०२४. टिरोचे अंक १२ पॉइंटात वाचनीय आहेत, समासातल्या ८ पॉइंटात मात्र मुक्ताच हवा.

शीर्षनामासाठी टिरो वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुखपृष्ठावर मोठा केला की तो भिडस्त दिसतो. आम्ही आधी शिरोरेषेच्या जागी तंबोऱ्याच्या चार तारा काढल्या होत्या आणि त्या कल्पनेवर सगळे खूषही होते, पण पावती पुस्तकावर १२ मिलिमीटर रुंदीत तेच नाव छापले तेव्हा चार तारांची एक जाड पट्टी झाली. वीणा, मोरपीस आणि पाश्चात्त्य स्वरलेखनातला जी-क्लेफ सुचवणारेही भेटले. शेवटचा तर ख्यालगायकीच्या अंकावर कशासाठी, हे कोणीच सांगू शकले नाही. अखेर तंबोऱ्याच्या भोपळ्याची एकच सलग गोलाई आणि तिच्याखाली मुक्ताच्या सर्वांत जाड वजनातले नाव एवढेच ठेवले. पावतीवर ते ओळखू येते.

दुसऱ्या अंकासाठी मजकुराचा फाँट बदलणार नाही. छापखान्याकडे मात्र सर्व अक्षरे आकृतीत रूपांतरित केलेली पीडीएफच जाईल, आणि आकृतीलाही कड देता येत असल्यामुळे, फिकी वाटली तरी अक्षरे जाड करू नयेत अशी सूचनाही सोबत जाईल.