स्वतःचा बोअर की गावाचा ताळेबंद?

दुष्काळी भागात एक रस्ता म्हणजे ज्याने त्याने आपला बोअर मारायचा, शेजाऱ्याने 300 फूट नेला की आपण 500, आणि यात कोणी वाईट नसतो हो, पोरांच्या फीसाठीच ऊस लावलेला असतो, पण खालचं पाणी सगळ्यांचं एकच, मग एप्रिलमध्ये पाइपातून नुसती हवा. वरून 7.5 एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीजबिल माफ, हेतू चांगलाच, पण मोटार बंद करायला कारणच उरत नाही.

दुसरा रस्ता नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाचा. पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद, आधी प्यायला, जनावरांना, मग पीक. शेतीला बोअर नाही, ऊसही नाही. मला हाच पटतो, कारण नियम गावाने मिळून केलाय, आपण थांबलो तर शेजारीही थांबणार ही खात्री असते.