टॉर्नेडो टूरचा रिव्ह्यू : सहा दिवस, ३२०० किलोमीटर आणि चार मिनिटं

मे अखेरीस आप्पांना घेऊन अमेरिकेतल्या ओक्लाहोमाची ती स्टॉर्म चेसिंगवाली, म्हणजे वादळांच्या मागे गाडीने फिरायची टूर केली, आणि तेव्हापासून व्हॉट्सॲपवर रोज कोणीतरी विचारतंय की कशी होती, पैसे वसूल का, आईवडिलांना नेता येईल का. प्रत्येकाला वेगळं टाइप करून कंटाळले म्हणून इथे एकदाच लिहिते. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण खाली दोनचार तक्रारी पण आहेत, आणि अशा कंपन्या तिकडे बऱ्याच आहेत, सगळ्यांचा प्रकार साधारण सारखाच.

आधी एक गोष्ट क्लिअर करते. गावाकडून सगळ्यांचे फोन आले की "अगं म्हाताऱ्या माणसाला चक्रीवादळ बघायला कुठं नेतेस?" तर हे चक्रीवादळ नाही. चक्रीवादळ समुद्रात तयार होतं, शेकडो किलोमीटर पसरतं, चारचार दिवस आधी नाव ठेवून बातम्यांत येतं. टॉर्नेडो म्हणजे एकाच गडगडाटी ढगाच्या पोटातून खाली उतरलेला भोवरा, रुंदी बहुतेक वेळा शे-दोनशे मीटरच्या आत, आयुष्य काही मिनिटं. आपली उन्हाळ्यातली धुळीची वावटळ दिसते तशीच पण तिला वर ढग लागत नाही, ह्याला लागतो. आणि हे फक्त अमेरिकेत होतं असंही नाही, इतिहासातला सगळ्यात जीवघेणा टॉर्नेडो बांगलादेशात झाला, २६ एप्रिल १९८९ ला, जवळपास १३०० माणसं गेली. अमेरिकेत वर्षाला हजार-बाराशे होतात, एवढाच फरक.

आता टूर. माणशी साधारण तीन हजार डॉलर, त्यात मोटेल आणि व्हॅन, जेवण आपलं आपण. ओक्लाहोमा सिटीहून निघायचं आणि तिथेच परत. एका व्हॅनमध्ये आम्ही सात जण, एक ड्रायव्हर आणि एक गाईड. गाईड हवामानशास्त्र शिकलेला, विद्यार्थी असताना २००९-१० च्या व्हॉर्टेक्स-२ ह्या टॉर्नेडो-संशोधनाच्या मोहिमेत हवामान मोजायचे फुगे सोडणाऱ्या टीममध्ये होता. ही मोहीम म्हणजे शंभराच्या वर शास्त्रज्ञ आणि विद्यार्थी, चाळीसेक गाड्या, त्यात रडार लादलेले ट्रक, आणि सगळा लवाजमा दीड-दोन महिने ढगांच्या मागे. त्याच्या तोंडून हे ऐकताना आप्पा म्हणाले, "म्हणजे ह्यांची पण वारीच की."

रोज सकाळी मोटेलच्या लॉबीत तो लॅपटॉप उघडून बसायचा आणि आज कुठे जायचं ते ठरवायचा. आप्पांनी दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव पंचांगवाले ठेवलं. सकाळी चहा घेऊन खाली आले की मला विचारायचे, "काय गं, आज मुहूर्त कुठला काढलाय?" पण खरं सांगते, अख्ख्या टूरमधलं सगळ्यात भारी काय असेल तर तो सकाळचा अर्धा तास. दक्षिणेकडून मेक्सिकोच्या आखातातली दमट हवा जमिनीलगत वर येते, तिच्या डोक्यावर पश्चिमेच्या पठारावरची गरम कोरडी हवा झाकणासारखी बसते, आणि त्याच्याही वर जोराचे पश्चिमेचे वारे. झाकण असेपर्यंत खाली नुसता उकाडा साठत राहतो, दुपारी कुठेतरी ते फुटतं आणि ढग तासाभरात दहा-बारा किलोमीटर उंच जातो. वाऱ्याची दिशा आणि वेग उंचीप्रमाणे बदलत असेल तर तो ढग उभ्याउभ्या स्वतःभोवती फिरायला लागतो, त्याला सुपरसेल म्हणतात. मी हे मराठीत आप्पांना सांगितलं तर म्हणाले, कुकर. मी म्हटलं हो आप्पा, कुकरच, फक्त शिट्टी कुठल्या गावात होणार ते शोधायला आपण पाचशे किलोमीटर जायचंय.

आणि शिट्टी होतेच असं नाही बरं का. तिसऱ्या दिवशी कॅन्ससमध्ये झाकण काही फुटलंच नाही, रात्री आठपर्यंत निळंशार आभाळ, ह्याला ते लोक बस्ट म्हणतात. आमच्यातला एक जण चिडला की आम्ही ह्याचे पैसे दिलेत का. गाईड शांतपणे म्हणाला की सुपरसेल झाला तरी त्यातल्या बहुतेकांतून टॉर्नेडो पडतच नाही, आणि एक ढग देतो, शेजारचा तसाच दिसणारा देत नाही, हे नेमकं का, ह्याच प्रश्नावर आमची अख्खी जमात पोट भरते. ढगाच्या मागच्या बाजूने खाली कोसळणारी हवा फार थंड असेल तर भोवरा धरत नाही, त्यामानाने उबदार असेल तर धरण्याची शक्यता जास्त, एवढं मोजमापातून कळलंय, पण त्यावरून आधी तासभर छातीठोकपणे सांगता येत नाही.

त्या रिकाम्या दिवशी त्याने आम्हाला ग्रीन्सबर्गला नेलं, आणि माझ्या मते तो दिवस फुकट गेला नाही. ४ मे २००७ च्या रात्री पावणेदहाच्या सुमारास ह्या छोट्या गावावरून पावणेतीन किलोमीटर रुंदीचा टॉर्नेडो गेला आणि गावातला ९५ टक्के भाग साफ झाला. टॉर्नेडोची ताकद पडझडीवरून ठरवणारं ईएफ स्केल (शून्य ते पाच) त्याच वर्षी फेब्रुवारीत वापरात आलं होतं आणि त्यावर पाच नंबर मिळालेला हा पहिलाच. तिथे एक विहीर आहे, १८८७-८८ मध्ये हाताने खणलेली, १०९ फूट खोल आणि ३२ फूट व्यास, तिच्यावरच म्युझियम बांधलंय. आप्पा टॉर्नेडोचे फोटो वगैरे भराभर बघून विहिरीच्या कठड्याशी जे थांबले ते हलेचनात. जिना उतरून खाली गेले, बांधकामाचे दगड हाताने चाचपले, पाणी किती फुटांवर लागलं असेल, गाळ कसा काढत असतील, मला एकेक प्रश्न विचारायला लावला. बाकीची मंडळी व्हॅनमध्ये बसून हॉर्न वाजवत होती.

पाचवा दिवस टेक्सास पॅनहँडल, म्हणजे टेक्सासचा उत्तरेकडचा चौकोनी तुकडा. दुपारी चारला एका आडरस्त्यावर थांबलो, पश्चिमेला कोबीच्या गड्ड्यासारखा ढग वर वर जात होता. मोबाईलवर रडार उघडून गाईडने दाखवलं की बघा पावसाच्या लाल पट्ट्याला खालच्या कोपऱ्यात हुकसारखा आकडा आलाय. मी आप्पांना म्हटलं, आकडा आला. ते म्हणाले, "आकडा टाकला म्हणजे लाईट चोरणार हा." इंग्रजीत समजावताना माझी वाट लागली पण गाईड जाम हसला, म्हणाला अगदी बरोबर, हा आजूबाजूची सगळी उष्ण हवा चोरतो. आणि खरंच, एव्हाना वारा आमच्या पाठीकडून ढगाच्या दिशेने सुटला होता, कुरणातलं गवत सगळं ढगाकडे वाकलेलं. पाऊस येताना वारा ढगाकडून आपल्याकडे येतो ही आयुष्यभराची सवय, इथे उलटं. आप्पांनी टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "हे आभाळ वाऱ्याला ओढून घेतंय, बरं नाही हे."

ढगाच्या पोटाखाली अजून एक गाठोडं लोंबकळायला लागलं, हळूहळू गोल फिरत. मग त्याला शेपूट आली, पांढरट, बारीक, अर्ध्यावर येऊन थांबली. मी म्हटलं खाली काही पोचली नाही, तर गाईड ओरडला, जमिनीकडे बघा! खाली लाल माती गोल गोल फिरत उठत होती. मधला भाग डोळ्यांना दिसत नव्हता पण भोवरा पूर्ण होता, शेपूट म्हणजे हवेतल्या वाफेचे झालेले नुसते पाण्याचे बारीक थेंब असतात, वारा तिच्याही खाली असतो. चार मिनिटं. आमच्यापासून पाच-सहा किलोमीटरवर, उघड्या कुरणात, कोणाचं काही नुकसान नाही. मग दोरीसारखा पिळवटला आणि विरला. मी व्हिडिओ काढला तो अंगठ्याच्या टोकाएवढा दिसतो, त्यामुळे ज्यांना टॉर्नेडो मोठा आणि जवळून बघायचाय त्यांनी यूट्यूब बघावं, तीन हजार डॉलर वाचतील.

तिथूनच थोडं पुढे रस्त्याच्या कडेला एका युनिव्हर्सिटीचा रडारवाला ट्रक दिसला, मागे मोठी थाळी, खाली टेकू लावलेले. ट्रकवर रडार कशाला, तर साधं रडार एका जागी असतं आणि पृथ्वी गोल, त्यामुळे शंभर किलोमीटरवर त्याचा किरण जमिनीपासून दीडेक किलोमीटर वरून जातो, खालचं काही दिसतच नाही. म्हणून हवामानशास्त्रज्ञ जोशुआ वुर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये रडार ट्रकवर चढवलं, आणि ३ मे १९९९ ला ओक्लाहोमात त्यांनी ताशी ४८० किलोमीटरच्या वरचा वारा मोजला.

परत येताना व्हॅन गारांच्या कडेकडेने गेली. पत्र्यावर कोणी दगड मारावेत तसा आवाज. थांबल्यावर आप्पांनी खाली उतरून एक गार उचलली, लिंबाएवढी, आणि खिशातल्या चाकूने मधोमध फोडली. आत कांद्यासारखे पापुद्रे, एक पांढरा एक काचेसारखा. मग बराच वेळ बोलले नाहीत. २०१४ च्या गारपिटीत आमचा तयार माल एका दुपारी गेला होता, ते मला तेव्हा आठवलं.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी मी ह्या टूरला मार्क देते. संध्याकाळी सातच्या सुमारास अजून एक ढग, त्याच्यावर टॉर्नेडो वॉर्निंग लागलेली. (वॉच म्हणजे ओक्लाहोमातल्या नॉर्मनच्या सरकारी स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरने मोठ्या भागाला काही तासांसाठी दिलेला इशारा, वॉर्निंग म्हणजे स्थानिक हवामान ऑफिसने दिलेला, की आत्ता लपा.) हा ढग पावसाने भरलेला, भोवरा असलाच तर पावसाच्या पडद्यात. पंचवीसेक गाड्या रांगेने आत चालल्या होत्या. आमचा गाईड पाच मिनिटं नकाशा बघत बसला, म्हणाला दक्षिणेला सुटायला रस्ता नाही, नदी आहे, आपण परत फिरतोय. व्हॅनमध्ये आरडाओरडा. परवाचाच चिडका गडी म्हणाला, बाकीचे सगळे वेडे आहेत का? गाईडने ड्रायव्हरला फक्त गाडी वळवायला सांगितलं.

का, ते शेवटच्या दिवशी कळलं. ओक्लाहोमा सिटीकडे परतताना एल रीनोच्या दक्षिणेला शेतातल्या रस्त्यावर त्याने व्हॅन उभी केली. ३१ मे २०१३. टॉर्नेडोचा अभ्यास करणारे टिम समारस, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग इथे टॉर्नेडोत सापडून गेले. हे कोणी हौशे-गवशे नव्हते. समारस कॉलेजची डिग्री नसलेले इंजिनीयर, त्यांनी कासवाच्या पाठीसारखं चपटं यंत्र बनवलं होतं, जमिनीला चिकटून राहणारं, आणि २४ जून २००३ ला साउथ डकोटातल्या मँचेस्टरजवळ टॉर्नेडो येण्याच्या जेमतेम दीड मिनिट आधी ते रस्त्यावर ठेवून पळाले होते. टॉर्नेडो वरून गेला आणि यंत्राने हवेचा दाब १०० मिलीबारने पडल्याचं नोंदवलं. असा सावध माणूस. एल रीनोचा टॉर्नेडो काही मिनिटांत फुगत ४.२ किलोमीटर रुंद झाला, आजवर नोंदलेला सगळ्यात रुंद, पावसात लपलेला, त्याने दिशा बदलली, वेग वाढवला, आणि त्याच्या आत फिरणाऱ्या एका छोट्या भोवऱ्याने त्यांची गाडी गाठली. गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, ट्रकवरच्या रडारने जवळपास ताशी ४७५ किलोमीटर वारा मोजूनही ह्याचा अधिकृत नंबर ईएफ-३ च, कारण नंबर पडझडीवरून देतात आणि इथे पडायला घरंच फारशी नव्हती, नुसती गव्हाची शेतं.

गाईड हे सांगताना आवाज चढवत नव्हता की काही नाही. चिडका गडी खाली बघत होता. आप्पांनी रस्त्याकडेची एक गव्हाची ओंबी तोडून कपाळाला लावली, खिशात ठेवली.

तक्रारी. वेबसाइटवर "शास्त्रज्ञांसोबत" असं मोठ्या अक्षरात लिहिलंय, ते जरा ताणलेलं आहे, संशोधन करणारे लोक आम्हाला लांबून हात हलवताना दिसले तेवढेच, गाईड चांगला मिळाला हे आमचं नशीब, दुसऱ्या व्हॅनचा गाईड नुसता ड्रायव्हर होता आणि त्या लोकांना सकाळी काही समजावलं जात नव्हतं. मधल्या सीटचा बेल्ट अडकायचा, दोनदा सांगूनही दुरुस्त केला नाही, हे ह्या धंद्यात मला अजिबात चालत नाही. शाकाहारी असाल तर हाल आहेत, पेट्रोल पंपावर रोलरवर फिरणारे सॉसेज आणि चीज ओतलेले नाचोज, आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा नेला होता म्हणून तरलो. बाथरूम चारचार तास मिळत नाही, डायबेटीसवाल्यांनी विचार करून जा. मोटेल रोज रात्री अकरानंतर ठरणार, एकदा आप्पांना तिसरा मजला मिळाला आणि लिफ्ट बंद.

लहान मुलांना नेऊ नका, सहा दिवस खिडकीबाहेर गहू, गायी आणि पवनचक्क्या बघून ती वेडी होतील. जायचं तर मे अखेर ते जूनचा पहिला आठवडा धरा, आणि बुकिंग करताना एकच प्रश्न विचारा, की मागच्या सीझनला तुम्ही कितीदा आणि कशासाठी मागे फिरलात. उत्तर द्यायला कां-कूं केली तर दुसरी कंपनी बघा.

मी पाचपैकी चार देते. आप्पांना विचारलं तर म्हणाले विहिरीला पाच दे, व्हॅनला तीन.