दारव्ह्याचा रेडियमवाला : काम चोख, टायमाचं देवाला माहीत

आमच्या कृषी केंद्राच्या समोरच्या काचेवर नाव अन् फिल्म लावायचं काम दारव्ह्याच्या एका रेडियमवाल्याकडून, म्हणजे स्टिकरची अक्षरं कापून चिकटवणाऱ्याकडून, करून घेतलं, अन् तेव्हापासून येणारा जाणारा विचारून राहिला की कोणतं लावलं, कसं लावलं, म्हणून एकदाच लिहून टाकतो. दुकानाचं नाव टाकत नाही, त्यानंच नको म्हटलं, आधीच कामाचा ढीग पडला आहे म्हणे.

आमची काच पश्चिमेला. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जाते हे काय सांगायचं, दुपारनंतर ऊन थेट बियाण्याच्या थैल्यांवर अन् औषधाच्या बाटल्यांवर. म्हणजे ऊन अडलं पाहिजे, बाहेरून नाव दिसलं पाहिजे अन् गल्ल्यावर बसून रस्ता पण दिसला पाहिजे. बाकी दुकानांत गेलं की पहिला प्रश्न, "किती बाय किती?" अन् लगेच स्क्वेअर फुटाचा रेट. ह्या भाऊनं रेट सांगितलाच नाही आधी. "काच कोन्त्या तोंडाची हाये? आतून लावाचं का बाहेरून? किती वर्स ठेवाचं?" मला तिथंच माणूस पटला.

व्हिनाइल म्हणजे स्टिकरचा प्लास्टिक कागद. त्यातलं साधं, ज्याला तो मोनोमेरिक म्हणतो, ते गरम रोलरमधून दाबून ओढून बनते, त्यामुळे ऊन लागलं की ते परत आकसायला पाहते. कडेनं बारीक पट्टी उघडी पडते, तिथला गोंद धूळ धरते अन् अक्षराभोवती काळी रेघ तयार होते. बाजारात कोणत्याही जुन्या दुकानाची काच जवळून पाहा, दिसेल. पॉलिमेरिक पण तसंच बनते पण आकसते बरंच कमी. तिसरं कास्ट, ते पातळ द्रव पसरवून वाळवलेलं, साधारण ५० मायक्रॉनचं, त्यात ताणच नसतो म्हणून गाडीच्या गोलाईवर बसते. सपाट काचेला कास्ट लावणं म्हणजे पैसे जास्त झाल्याची खूण, हे माझं मत नाही, विकणाऱ्याचंच. अक्षरांना पॉलिमेरिक घेतलं.

मोठ्या काचेला वन वे व्हिजन. ते बारीक छिद्रांचं असते, बहुतेक ६०-४० चं, म्हणजे ६० टक्के प्रिंट अन् ४० टक्के छिद्रं, बाहेरून फोटो अन् आतली बाजू काळी, त्यामुळे आतून बाहेरचं दिसते. पण ही जादू फक्त जिकडे उजेड कमी तिकडून चालते. रात्री आत ट्यूबलाइट लागली की उलटं, रस्त्यावरच्याला तुमचा गल्ला दिसते अन् तुम्हाला काही नाही. (आमच्याकडे रात्री लाइटच जाते, तो प्रश्न तेवढा मिटला.) दुसरं म्हणजे पावसात छिद्रांत पाणी थांबते अन् वाळेपर्यंत आतून धूसर दिसते, म्हणून वरून पारदर्शक लॅमिनेशन मारून घ्या, धूळही भरत नाही. त्याचे पैसे वेगळे पडतात पण वाचवू नका.

पेस्टिंगसाठी तो सकाळी ऊन चढायच्या आत आला. तापलेल्या काचेवर गोंद लगेच धरते, मग सरकवता येत नाही. आधी ब्लेडनं काच खरवडून साबणाच्या पाण्यानं धुतली, जुन्या चुन्याचा ठिपका पण राहू दिला नाही. अक्षरांना ओलं पेस्टिंग, पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून फवारा, अक्षर जागेवर सरकवायचं, मग मधातून कडेला पट्टी ओढून पाणी काढायचं. वन वे मात्र कोरडंच, तिथं पाणी वापरलं तर छिद्रांत अडकते. अन् फिल्म काचेच्या कडेच्या रबराला टेकवली नाही, चारही बाजूंनी थोडी काच मोकळी सोडली, नाहीतर कडा तिथूनच उचलते.

खरी करामत मराठी अक्षरांची आहे. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, आपली शिरोरेषेला लटकलेली. कोरलमध्ये, म्हणजे डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, अक्षर, काना, मात्रा अन् रेघ वेल्ड करून एक नाही केलं तर जिथं एकावर एक येतात तिथं प्लॉटर, म्हणजे स्टिकर कापायची मशीन, आरपार कापते, अन् सोलताना वेलांटी एकीकडे, अक्षर एकीकडे. ह्यानं स्क्रीनवर नुसती आउटलाइन करून दाखवली, मग कटिंगला टाकलं. बारीक रफार जाड करून घेतला. व्हॉट्सॲपवर पाठवलेलं नाव तो पुन्हा टाइप करते, कारण जुन्या फॉन्टमध्ये जोडाक्षरं फुटतात, म्हणून प्रूफ स्वतः वाचा, त्याच्या पोराच्या भरवशावर राहू नका, "बियाणे" चं "बियाने" त्यानं केलंच होतं.

शेजारच्या मेडिकलवाल्याला पूर्ण काच आतून काळी करायची होती, त्याला ह्यानं सरळ नाही म्हटलं. गडद फिल्म उष्णता धरते, काचेचा मधला भाग तापते अन् फ्रेममधली कड थंड राहते, त्या ताणानं मोठी काच तडकू शकते. "करतो भाऊ, पन काच फुटली त मले नोको सांगजा." शेवटी मेडिकलवाल्यानं फिक्की फ्रॉस्टेड, म्हणजे दुधी काचेसारखी दिसणारी, घेतली. हातातलं गिऱ्हाईक असं परत पाठवणारा दुकानदार मी तरी कमी पाहिला.

आता तक्रारी. सांगितलेल्या दिवशी येईल तर शपथ, फोन केला की "निंगालोच", अन् मागून प्लॉटरचा आवाज. डिझाइनच्या नावानं आनंद आहे, तोच कापूस हातात घेतलेला हसरा शेतकरी सगळ्या तालुक्याला चिकटवून राहिला. गावात यायचं पेट्रोल वेगळं. बिल मागितलं तरच मिळते.

खरीप-रब्बीच्या स्कीमचे स्टिकर लावायचे असतील तर रिमूव्हेबल गोंदाचं मागा किंवा बिनगोंदाचं, नुसतं काचेला चिपकणारं स्टॅटिक क्लिंग, ते आतून लावायचं. पक्क्या गोंदाचं लावलं की काढताना हीट गन लागते, कोपऱ्यातून हळूहळू ओढायचं, मागं राहिलेला गोंद रॉकेलनं पुसून मग साबणानं काच धुवायची. अन् काम जूनच्या आत आटपा, शाळा उघडल्या की पाट्या-बॅनरच्या गर्दीत तो फोन पण उचलत नाही.