ऑनलाइन एम.कॉम. : पदवी हाती आल्यानंतरचे आठ महिने

गेल्या आठवड्यात जळगाव एमआयडीसीतल्या एका कंपनीत मुलाखतीला गेले होते. साहेबांनी गुणपत्रक उलटं केलं, मागे छापलेल्या 'मोड ऑफ डिलिव्हरी : ऑनलाइन' या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "आम्हाला रेग्युलरवाले हवेत." चार मिनिटांत बाहेर. त्या संतापात लिहायला बसले.

ही ओळ विद्यापीठ हौसेने छापत नाही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2020 च्या नियमांनुसार ती छापावीच लागते. आणि मान्यता असलेल्या विद्यापीठाची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरायची, हेही त्याच नियमांत आहे. सप्टेंबर 2022 मध्ये यूजीसीने ते पुन्हा जाहीर केलं. पण ओळ कागदावर दिसते, बरोबरी कुठेच दिसत नाही. माझं सगळं भांडण एवढ्याशीच आहे.

भुसावळहून रोज अप-डाऊन करत सीएच्या ऑफिसात नोकरी आणि रात्री नऊनंतर लेक्चर, अशी दोन वर्षं काढली. फी हप्त्यांनी 52 हजार. नोकरी सोडून कॉलेज केलं असतं तर दोन वर्षांचा पगार बुडाला असता, त्यामुळे पैशाच्या बाबतीत पश्चात्ताप नाही. "घरी बसून पुस्तक उघडून पेपर दिला असेल" हे मात्र ऐकून घेववत नाही. पेपर सुरू होण्याआधी लॅपटॉप उचलून चारही भिंती, पलंगाखालची जागासुद्धा कॅमेऱ्याला दाखवावी लागायची. नजर जरा बाजूला गेली की स्क्रीनवर इशारा.

इथवर लिहून ठेवलं होतं. काल एका डाळ मिलमध्ये जाऊन आले आणि मत थोडं बदललं.

शेठनी फाईल उघडलीच नाही. विचारलं, "ताई, 30 किलोच्या कट्ट्यावर जीएसटी किती?" म्हटलं, काही नाही, 25 किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पॅकिंगवर 5 टक्के. हे पदवीने नव्हे, सीएच्या ऑफिसने शिकवलं. मग त्यांनी एक कागद पुढे सरकवला : तूर 100 किलो, डाळ 70, बाकी चुनी (डाळीचा चुरा) आणि कोंडा. डाळ किलोला कितीला पडली? चुनी-कोंड्याचे पैसे खर्चातून वजा केले, दळणावळ धरली आणि भाव काढून दिला. हा सरळ कॉस्टिंगच्या पेपरातला हिशेब होता. शेठनी कॅल्क्युलेटरवर दोनदा ताळा केला.

"कुठे शिकलात?"

मी गुणपत्रक काढलं, मागची बाजू वर करून ठेवलं आणि शेजारी यूजीसीच्या सूचनेची झेरॉक्स. त्यांनी चष्मा लावून दोन्ही वाचलं. "सुनेलाही पुढे शिकायचंय. हे चालतं का?" त्यांच्याच मोबाईलवर यूजीसीच्या डीईबीची, म्हणजे दूरशिक्षण विभागाची, मान्य कोर्सेसची यादी उघडून दिली. नुसतं विद्यापीठाचं नाव बघू नका, तोच कोर्स आणि तेच सत्र मान्य आहे का तेही बघा, असं सांगितलं.

माझं काय ते सोमवारी कळवणार आहेत.