मधमाशीदंश उपचार केंद्र: जागा नीटनेटकी, दावा मात्र उंदरांच्या भरवशावर

लागोपाठ दोन वेळा नवव्या आठवड्याच्या आत गर्भपात झाल्यानंतर, जाऊबाईंच्या आग्रहाखातर आम्ही उभयता पुण्याबाहेरील एका मधमाशीदंश उपचार केंद्रात जाऊन आलो. केंद्राचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझा आक्षेप तेथील माणसांपेक्षा ‘मधमाशीचे विष गर्भ टिकवते’ या दाव्यावर आहे.

जागा स्वच्छ आहे, वेळ पाळली जाते आणि बोलणे अदबीचे आहे. आमच्या आधीच्या गुडघेदुखीच्या रुग्णाला दिलेला दंश आम्ही जवळून पाहिला. जाळीच्या लाकडी पेटीतून चिमट्याने उचललेली माशी त्वचेवर टेकवली, की ती नांगी तेथेच सोडते आणि माशी दूर केल्यावरही नांगीला चिकटलेली विषाची इवलीशी पिशवी आत विष ढकलत राहते. अंगावर काटा आला, हे कबूल करते.

भिंतीवर एका संशोधनाचे लॅमिनेट केलेले कात्रण आहे, आणि ते खोटे नाही. बापाकडून आलेला अर्धा वारसा आईच्या शरीराला परका असूनही ते गर्भ नाकारत नाही, यामागे नियामक टी-पेशींचा, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींचा, मोठा वाटा असतो. मधमाशीच्या विषातील फॉस्फोलिपेज ए-२ या विकराने उंदरांमध्ये या पेशी वाढतात, असे प्रयोगांत दिसले आहे. परंतु तो विकर शुद्ध करून, मोजून टोचलेला असतो. प्रत्यक्ष दंशात कोरड्या विषाचा जवळजवळ अर्धा भाग मेलिटिनचा, म्हणजे पेशींची आवरणे फोडणाऱ्या द्रव्याचा असतो, आणि ज्या विकराचे एवढे कौतुक चालले आहे तोच या विषातील प्रमुख ॲलर्जीकारकांपैकी एक आहे. वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांवर याची चाचणी झाली आहे का, असे विचारल्यावर संचालकांनी पुन्हा त्याच कात्रणाकडे बोट दाखवले.

त्याहून खटकले ते पुढचे. माझी अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांची (स्वतःच्याच शरीरावर उलटून रक्ताच्या गुठळ्या घडवू शकणाऱ्या प्रतिपिंडांची) तपासणी व्हायची आहे असे सांगताच, ‘आमच्या औषधातही फॉस्फोलिपेजच आहे, म्हणजे तुमच्या दुखण्यावर नेमके’, असे उत्तर मिळाले. दोन्ही शब्दांत ‘फॉस्फोलिप’ येते, एवढाच काय तो संबंध! या प्रतिपिंडांमुळे गर्भपात होत असल्याचे निश्चित झाले, तर कमी मात्रेतील ॲस्पिरिन आणि रक्त गोठू न देणारे हेपरिन हा प्रस्थापित उपचार आहे, आणि निश्चितीसाठी किमान 12 आठवड्यांच्या अंतराने दोनदा रक्त तपासावे लागते. ही तपासणी आधी करून घ्या, एवढे एक वाक्य त्यांच्या तोंडून आले असते, तर माझे निम्मे गाऱ्हाणे संपले असते.

तीव्र ॲलर्जी उद्भवल्यास द्यावयाचे ॲड्रेनलिन ठेवले आहे का, या प्रश्नावर त्यांनी ॲलर्जीच्या साध्या गोळ्यांची पट्टी पुढे केली. गरोदरपणात अशी प्रतिक्रिया आली, तर आईचा रक्तदाब कोसळून गर्भाचा प्राणवायू तुटू शकतो. म्हणजे ज्यासाठी जायचे तेच गमवायची वेळ. आधी घ्यायची दंशचाचणी मी नाकारली, त्यावर मात्र कोणी दबाव आणला नाही, हे नमूद केलेच पाहिजे.

सल्ल्याचे 500 रुपये रोख घेतले, पावती मागितल्यावर दिली. तेथे विकत घेतलेला जांभळाचा मध उत्तम निघाला आणि तेवढ्याचीच शिफारस करते. रक्ताचा पहिला नमुना आम्ही दुसऱ्याच दिवशी दिला.