घड्याळाच्या ड्रायव्हरमधली चूक: बाहेरून स्क्रिप्टचा टेकू की कर्नलमध्येच दुरुस्ती?

तासगाव भागातल्या द्राक्षबागांत आम्ही हवामानाच्या पेट्या बसवतो. छाटणीनंतर पान किती तास ओलं राहिलं, यावर डाऊनी या रोगावरची फवारणी ठरते. घड्याळ चुकलं की औषधाचा हिशेबच चुकतो. बागेत रेंज नसते, लाइट जाते-येते, म्हणून सगळा भरवसा पेटीतल्या बोर्डावरच्या आरटीसी चिपवर (वीज गेली तरी सेलवर वेळ मोजणारं घड्याळ) आणि लिनक्सच्या कर्नलमधल्या, म्हणजे गाभ्यातल्या, तिच्या ड्रायव्हरवर, म्हणजे चिपशी बोलणाऱ्या कोडवर.

कोडला हात लावण्याआधी खोट नेमकी कुठे आहे ते बघा. महिन्याला पाऊण मिनिट फरक पडत असेल तर तो घड्याळाला ठोके देणाऱ्या साध्या क्रिस्टलचा गुण आहे: २० पीपीएम (दहा लाख सेकंदांत २० सेकंद) म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद. फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर चिपमध्ये भारतीय वेळ आणि यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) यांची गल्लत आहे. दोन्हींत ड्रायव्हर निर्दोष आहे.

आमची चूक वेगळी होती. डीएस३२३१ या आमच्या आरटीसी चिपचा ऑसिलेटर, म्हणजे ठोके देणारा भाग, थांबला की ती एका बिटमध्ये तशी खूण ठेवते. सेल संपलेला असताना वीज गेली, की परत आल्यावर ही चिप १ जानेवारी २००० पासून मोजायला लागते. आमच्या कर्नलमधला ड्रायव्हर ती खूण न बघताच हे २००० साल खरं म्हणून पुढे देत होता.

स्क्रिप्टचा, म्हणजे बाहेरून वेळ तपासणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा, मार्ग एका दुपारचा आहे. साल जुनं दिसलं तर नोंदी थांबवायच्या, बस. हंगाम तोंडावर असेल तर मीही तेच करीन. पण सेल अर्धवट उतरला की ऑसिलेटर मध्येच थांबून पुन्हा चालू होऊ शकतो. मग साल बरोबर आणि वेळ दोन तास मागे! हे स्क्रिप्टला कळत नाही. ड्रायव्हरला बगल देऊन आय-टू-सीवरून (चिपला जोडणाऱ्या तारांवरून) थेट एकेक बाइट वाचायचा मोह तर टाळाच. १०:१५:५९ ला सेकंद वाचले आणि मिनिट वाचेपर्यंत १६ झालं, तर हातात येतं १०:१६:५९, एक मिनिट पुढचं. ड्रायव्हर सगळी रजिस्टरं (वेळेचे आकडे ठेवणारे चिपमधले कप्पे) एका दमात वाचतो. त्या वाचनाच्या सुरुवातीलाच चिप वेळ धरून ठेवते, म्हणून त्याला ही अडचण येत नाही. शिवाय स्क्रिप्ट सुरू होईपर्यंत कर्नलने बूट होतानाच चुकीची वेळ उचललेली असते.

कर्नलमधली दुरुस्ती ओळींनी छोटी आहे: वेळ वाचताना खूण दिसली तर एरर द्यायची, आणि नवी वेळ लावताना खूण पुसायची. दुसरा भाग विसरलात तर वेळ बरोबर लावूनही एरर जात नाही. आमचा एक अख्खा दिवस त्यात गेला. चाचणीही सोपी आहे: वीज तोडा, सेल काढा, पाच मिनिटांनी परत बसवा.

हा पॅच, म्हणजे कोडमधला हा बदल, स्वतःकडेच ठेवलात तर बोर्डवाल्याच्या प्रत्येक नव्या कर्नलवर तो पुन्हा बसवावा लागतो, आणि एकदा विसरलं की शेतात पुन्हा २००० साल. चूक मूळ लिनक्समध्येही असेल तर पॅच तिकडे पाठवा. तपासणारे प्रश्न विचारतात, आठवडे जातात. लिनक्सच्या स्थिर आवृत्त्यांतही पॅच आधी मुख्य झाडात, म्हणजे मूळ कोडमध्ये, गेल्याशिवाय घेत नाहीत. तरी पेट्या दोन-चार वर्षं शेतात राहणार असतील तर मी हाच मार्ग सांगेन, आणि पॅच येईपर्यंत स्क्रिप्ट चालू ठेवीन.

पेटी एकच आणि घराच्या अंगणात असेल, तर नवा सेल टाका आणि स्क्रिप्टवर भागवा.